शंभरातले बहात्तर

सायकलीसाठी बाजूला काढलेल्या रकमेला मी मनातल्या मनात शंभर म्हणायला लागले, कारण खरा आकडा डोक्यात घोळवला की तो दर वेळी थोडा वाढायचा. शंभर वाढत नाहीत. नव्वदला मिळाली तर दहा उरले, एकशे दहाची असेल तर ती आपली नव्हे. पुढे पैशाचा जो आकडा येईल तो या शंभरातलाच.

माझं वय एक्केचाळीस, वजन ५७ किलो. वजन मुद्दाम सांगतेय, कारण या सगळ्या प्रकरणात त्याचा हात माझ्या कल्पनेपेक्षा फार मोठा निघाला. आधीची सायकल नऊ वर्षांची हायब्रिड होती. रस्त्यासाठी घेतली होती, पण तिला पायवाटांची चटक लावली मीच. मागचं चाक कायमचं आउट, आणि दगडगोट्यांवर दोन तास झाले की माझी कंबर बोलायला लागायची. त्यामुळे नवी माउंटन बाइक घ्यायची ठरली तेव्हा एक गोष्ट मी शोधाशोध सुरू करायच्या आधीच ठरवून टाकली होती: मागे शॉक, म्हणजे दणके जिरवणारी दबती दांडी, असलेली हवी. हार्डटेल म्हणजे फक्त पुढे फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा दबता दुहेरी पाय, आणि मागे सरळ नळ्या. कंबर माझी मागच्या बाजूला आहे, पुढे नाही. इतका साधा तर्क.

धाकट्या भावाकडे फुल सस्पेन्शन आहे. म्हणजे पुढे १४० मिलिमीटर दबणारा फोर्क, मागे हवेचा शॉक. तो तिच्याबद्दल नवीन लग्न झालेल्या माणसासारखा बोलतो. मी नुसतं विचारायचा अवकाश, लगेच म्हणाला, "ताई, एकदा बसून बघ. परत हार्डटेलचं नाव काढणार नाहीस."

बसून बघितलं. आणि माझी घोर निराशा झाली.

आम्ही जातो त्या टेकडीवर एक फेरी आहे: आधी दोनेक किलोमीटरचा चढ, वर थोडी सपाटी, मग मुळं, सुटे दगड आणि पाण्याने कापलेल्या खाचांमधून खाली. चढावर त्याची सायकल जड लागली. ती होतीच १५.४ किलोची. उतारावर मला वाटलं होतं गादीवर बसल्यासारखं होईल. तसलं काही नाही. दगडावर चाक गेलं की मागून ठक्, आणि त्यानंतर शॉक सावकाश सावकाश वर येणार, तोवर पुढचा दगड हजर. खाली पोचले तेव्हा कंबर जिथल्या तिथे बोलत होती. मी भावाला सांगितलं की एवढ्या पैशात मला आणखी दोन गाद्या आल्या असत्या. तो दुखावला. संध्याकाळी त्याचा फोन: "तू माझ्याच हवेवर चालवलीस का?"

म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं नाही. त्याचं वजन ८६ किलो. शॉकमध्ये त्याने १९० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरलेली होती, त्याच्या वजनाला बरोबर. हवेचा शॉक म्हणजे एक बंद नळी. आतली हवा हीच स्प्रिंग. जितकी जास्त भराल तितकी ती कडक. माझ्यासारख्या हलक्या माणसाखाली ती दबतच नाही, आणि दबलीच तर परत वर येण्याचा वेग, ज्याला रिबाउंड म्हणतात, तोही त्याच्या कडक हवेला आवरण्यासाठी त्याने मंद करून ठेवलेला. मी थोडक्यात त्याचा कोट घालून शिंप्याला नावं ठेवत होते.

पुढच्या रविवारी त्याने शॉकचा पंप आणला. शॉकच्या दांड्यावर एक रबरी रिंग असते. ती वर सरकवायची, सायकलवर नेहमीच्या बेतात बसायचं, उतरायचं, आणि रिंग किती खाली गेली ते मोजायचं. याला सॅग म्हणतात: आपल्या नुसत्या वजनानं सस्पेन्शन किती बसतं ते. मागच्या शॉकला साधारण तीस टक्के धरतात, पुढच्या फोर्कला पंधरा ते वीस. त्याच्या शॉकची हालचाल एकूण ५० मिलिमीटर, म्हणजे मला १५ हवेत. त्याच्या हवेवर मिळत होते ९. हवा सोडत सोडत १२५ पीएसआयवर आलो तेव्हा रिंग पंधरावर थांबली. फोर्कचंही तसंच केलं, दोन्हीकडचा रिबाउंड मोकळा केला.

आणि मग ती फेरी. काय सांगू! मुळांच्या पट्ट्यात मी नेहमी ब्रेक धरून, दात आवळून जाते. त्या दिवशी मागचं चाक जमिनीला चिकटून वाहत गेल्यासारखं गेलं. खाली आले ती हसतच. भाऊ काही बोलला नाही, पण त्याचा चेहरा मला आजही आठवतो.

तर आता निर्णय पक्का झाला म्हणायचा. दुकानात गेले. शंभरात बसणारी नवी फुल सस्पेन्शन तिथे होती एकच. लांबून भावाच्या सायकलची बहीण वाटावी अशी. जवळून बघितल्यावर ओळखीचं काही सापडेना. मागचा शॉक हवेचा नव्हता, गुंडाळीच्या स्प्रिंगचा होता, आणि त्याला रिबाउंडची खुंटीच नव्हती. दाबला की दबत होता, सोडला की उसळून येत होता. आत वेग आवरणारं तेलाचं यंत्र नसलं की तो शॉक राहत नाही, पलंगाची स्प्रिंग होते. पुढचा फोर्कही स्प्रिंगचा. मी त्याच्यावर पूर्ण भार टाकून दाबला तर जेमतेम अर्धा गेला. दुकानदार म्हणाला, वरची खुंटी फिरवा, मऊ होईल. ती खुंटी प्रीलोडची असते. ती फिरवून स्प्रिंग किती दाबून ठेवायची एवढंच बदलतं. तिचा मूळ कडकपणा तसाच राहतो. स्प्रिंग मध्यम वजनाच्या पुरुषाला धरून घातलेली. हवेचा फोर्क असता तर पंपाने माझ्या वजनाला आणता आला असता. इथे वेगळी स्प्रिंग मागवणं हाच उपाय, आणि त्या फोर्कला ती मिळत नव्हती. हलक्या माणसांनी, विशेषतः बायकांनी, ही एक गोष्ट दुकानात हटकून बघावी असं मला वाटतं. बाकी यादी कोणीही सांगतं, ही कोणी सांगत नाही.

त्याच दुकानात त्याच्या शेजारी एक हार्डटेल उभी होती. बहात्तरला. १३० मिलिमीटरचा हवेचा फोर्क, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, पुढे दातेरी चाक एकच आणि मागे रुंद कॅसेट, म्हणजे लहानमोठ्या दातेरी चकत्यांचा गठ्ठा, दोन्ही चाकांना थ्रू-अ‍ॅक्सल, म्हणजे आरपार जाणारा जाड आस, वजन १३.२ किलो. मी तिच्याकडे बघितलंही नसतं, पण दुकानदारच म्हणाला की आलाच आहात तर घेऊन जा दोन तास.

घेऊन गेले. चढ छान. उतार भयंकर. मागचं चाक प्रत्येक दगडावरून टेबल टेनिसच्या चेंडूसारखं उडत होतं, आणि मुळांच्या पट्ट्यात एकदा पॅडलवरून पाय सुटला. परत आले ते "बघा, मी म्हणत नव्हते?" अशा आवेशात. दुकानातला मेकॅनिक, वयस्कर माणूस, त्याने टायर अंगठ्यानं दाबला आणि विचारलं, "मॅडम, हवा कुणी भरली?"

कुणीच नाही. म्हणजे दुकानातच, सायकली लावून ठेवताना भरतात तशी ठणठणीत. गेज लावला तर ४० पीएसआय. माझ्या ५७ किलोला, २.४ इंच रुंद टायरमध्ये. त्याने पुढे २२ आणि मागे २४ केली आणि म्हणाला, ट्यूब आहे तोवर याखाली नको, रिमवर आपटून सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. परत जा आणि बघा.

मी परत गेले, आणि या सगळ्या खटाटोपातली सगळ्यात महत्त्वाची पंचवीस मिनिटं तीच. ती सायकल एकदम वेगळी नाही झाली. मोठे दगड मोठेच राहिले. पण ती बारीक बारीक खडखड, जी पायातून कमरेत चढते, ती निम्म्याहून जास्त गेली. चाक उडायचं थांबून दगडाला बिलगायला लागलं. टायरसुद्धा सस्पेन्शनच आहे, फक्त त्याला तेल नाही. ४० पीएसआयवर मी ते बंद करून फिरले होते.

तोवर दोन्ही सायकलींबद्दल माझं मत एकदा तरी उलटलं होतं, आणि दोन्ही वेळा सायकल तीच होती. बदलली होती ती हवा. मग मला शंका आली की मी इतके दिवस तुलना नेमकी कशाची करतेय.

म्हणून एका शनिवारी भावाची आणि ती हार्डटेल (दुकानदाराने भला माणूस म्हणून दुसऱ्यांदा दिली) दोन्ही घेऊन गेलो. दोन्हींच्या टायरमध्ये सारखी हवा, फोर्कला सारख्या टक्क्यांचा सॅग. एकेक सायकल आलटून पालटून, तीन तीन फेऱ्या. भाऊ घड्याळ घेऊन वर बसला होता. चढाला हार्डटेल सरासरी १२ मिनिटं ३५ सेकंद, फुल सस्पेन्शन १३ मिनिटं २० सेकंद. उताराला फुल सस्पेन्शन पुढे, पण अवघ्या अकरा सेकंदांनी. तिसऱ्या फेरीला मी दमले होते, तेव्हा हे काही प्रयोगशाळेचं माप नाही. पण मला कमरेचा अंदाज घ्यायचा होता, आणि तिथे गंमत अशी की कंबर दोन्हींवर सारखीच ठीक होती. दुखली ती घरी येताना, सपाट रस्त्यावर, सीटवर बसून.

त्या रात्री मी मागच्या वीस फेऱ्यांची नोंद उघडून बसले. फोनमध्ये सगळं असतंच. खडबडीत उतारावर गेलेला वेळ वेगळा काढला तर तो एकूण वेळाच्या नवव्या हिश्शाहून कमी निघाला. बाकी सगळा चढ, मातीची सपाटी आणि टेकडीपर्यंतचा डांबरी रस्ता. मी नवव्या हिश्शासाठी सायकल घ्यायला निघाले होते आणि उरलेले आठ हिस्से तिला ओढत नेणार होते. अडीच किलोला थोडा कमी असा तो फरक भावाला जाणवत नाही, कारण त्याच्या वजनाच्या तो अडीच टक्के आहे. माझ्या वजनाच्या चार टक्क्यांच्या घरात जातो.

भावाला हे सांगितलं तर त्याने ऑलिम्पिक काढलं. २०१२, लंडन. क्रॉस कंट्रीच्या पुरुषांच्या शर्यतीत चेक प्रजासत्ताकाचा यारोस्लाव्ह कुल्हावी फुल सस्पेन्शनवर होता, स्वित्झर्लंडचा निनो शुर्टर हार्डटेलवर. शेवटच्या वळणांपर्यंत दोघं चिकटून, आणि कुल्हावी एका सेकंदानं जिंकला. "आणि पुढे?" भावानं विचारलं, "२०१६ला रिओत शुर्टर जिंकला तेव्हा कशावर होता? फुल सस्पेन्शनवर!" खरं आहे. मी म्हटलं, बाबा रे, त्या सायकली हार्डटेलपेक्षा जड असल्या तरी तुझ्या सायकलपेक्षा कितीतरी हलक्या होत्या, आणि दर शर्यतीनंतर त्यांचं बेअरिंग न् बेअरिंग पुसणारा माणूस पगारावर होता. माझ्याकडे तो माणूस म्हणजे मीच. शिवाय तुझाच पुरावा घ्यायचा तर हार्डटेलवाला दीड तासात एक सेकंद मागे राहिला. एक सेकंद मी देईन. आणि १९७६ साली कॅलिफोर्नियात, मरिन काउंटीत, रीपॅकच्या उतारावर शर्यती सुरू झाल्या तेव्हा तर ना पुढे फोर्क ना मागे शॉक. जुन्या जड सायकली, मागे पॅडल उलटं फिरवून लागणारा ब्रेक. तो इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि खाली पोचल्यावर हब पुन्हा भरावा लागायचा. उताराचं नाव त्यावरून पडलं. बाजारात विकला गेलेला पहिला गाजलेला सस्पेन्शन फोर्क, रॉकशॉक्सचा आरएस-१, यायला १९८९ उजाडलं. भाऊ म्हणाला, "मग तू पॅडल ब्रेकचीच घे." वाद तिथे संपला.

पण मन संपत नव्हतं. मुळांच्या पट्ट्यातलं ते वाहत जाणं अंगात राहिलं होतं. नवी परवडत नाही तर जुनी बघू, असं म्हणून मी तीन आठवडे वापरलेल्या सायकली शोधल्या. बहुतेक एक तर माझ्या मापाच्या नव्हत्या किंवा शंभराच्या वर. एक सापडली. माप बरोबर, चांगली घडण, हवेचा फोर्क, हवेचा शॉक. पंचाऐंशीला. विकणारे गृहस्थ म्हणाले, हजार किलोमीटरही चाललेली नाही.

त्या मेकॅनिकला विनंती करून सोबत नेलं. तो काय करतो ते बघण्यासारखं होतं. धुतलेली, चमकणारी सायकल. त्याने रंगाकडे बघितलंही नाही. सीट धरून मागचं चाक जमिनीवरून हळूच उचललं. चाक उठायच्या आधी हाताला बारीकसं ठक् लागलं. मला म्हणाला, तुम्ही करा. केलं. मलाही लागलं. हा प्ले. कुठला तरी जोड सैल आहे: शॉकच्या टोकाची बारीक नळी, म्हणजे बुश, किंवा पिव्हटचं, म्हणजे मागची फ्रेम ज्यावर हलते त्या सांध्याचं, बेअरिंग. मग शॉकमधली सगळी हवा सोडली आणि मागचं चाक हातानं वरखाली केलं. हवा नसली की शॉकचा जोर जातो आणि जोड स्वतःचं बोलतात. खालच्या पिव्हटमधून करकर येत होती, वाळूवर चप्पल घासल्यासारखी. नंतर फोर्कच्या चकचकीत नळ्यांवर नख फिरवलं. डाव्या नळीवर, सीलच्या जरा वर, नख एका ठिकाणी अडकलं. एवढ्याशा ओरखड्यातून तेल बाहेर येतं आणि धूळ आत जाते. शेवटी चेन मोजायची पट्टी लावली तर ती खळकन आत पडली. हजार किलोमीटरची चेन अशी पडत नाही. गृहस्थांनी मग मान्य केलं की किलोमीटर मोजलेले नाहीत, अंदाज आहे.

बाहेर आल्यावर मेकॅनिकने पिव्हटचं समजावलं, आणि ते मला फार पटलं. चाकाचं बेअरिंग गरगर फिरतं. आतले छर्रे सगळीकडून सारखे झिजतात, ग्रीसही सगळीकडे पसरतं. पिव्हटचं बेअरिंग फिरतच नाही. ते काही अंशांत पुढेमागे डुलतं. तेच छर्रे त्याच जागी दणके खातात, तिथे खळगा पडतो, ग्रीस बाजूला सरकतं, आणि मग पाण्याने धुतलेल्या सायकलीत पाणी तिथेच जाऊन बसतं. अशा एका फ्रेममध्ये आठ-दहा बेअरिंगं सहज असतात. ती मारून काढायला आणि सरळ बसवायला योग्य हत्यार लागतं. शॉकची वेगळी सर्व्हिस. फोर्कच्या खालच्या पायांचं तेल ५०-एक तासांनी बदलायला सांगतात, ते हार्डटेललाही चुकत नाही. पण मागचा सगळा संसार वाढीव.

त्याने बोटांवर हिशेब केला. बेअरिंगं, बुश, शॉकची सर्व्हिस, चेन, आणि चेन एवढी गेलीय तर कॅसेटही. वीस ते पंचवीस. फोर्कची नळी बदलायची वेळ आली तर वेगळं. पंचाऐंशी अधिक पंचवीस. मी ते मनात केलं आणि गृहस्थांना नाही कळवलं. ते थोडे रागावले. खरं सांगायचं तर सत्तरला दिली असती तर मी घेतली असती, आणि मग हे लिखाण दुसरंच झालं असतं.

हार्डटेल बहात्तरला घेतली. घेण्याआधी दोन गोष्टी तपासल्या, त्या भावानं शिकवलेल्या. हेडट्यूब, म्हणजे फोर्कची दांडी ज्यात बसते ती फ्रेमची पुढची नळी, खाली रुंद होत जाणारी आहे ना, कारण सरळ, जुन्या पद्धतीच्या हेडट्यूबमध्ये आजचे टेपर्ड, म्हणजे खाली जाड होत जाणाऱ्या दांडीचे, फोर्क बसत नाहीत आणि पुढे कधी फोर्क बदलायचा म्हटलं तर अडून बसतं. आणि हेडट्यूबचा कोन. दुकानदाराच्या कागदावर ६५.५ अंश. हार्डटेलमध्ये हा कोन जरा जास्त झोपलेला असावा लागतो, कारण फुल सस्पेन्शन दोन्हीकडून बसतं तर ही फक्त पुढून बसते. पुढून बसली की कोन उभा होतो. माझ्या सॅगला अंशभर, आणि फोर्क तळाला टेकला तर पाच-साडेपाच अंश. नेमक्या तीव्र उतारावर सायकल तुम्हाला हँडलवरून पुढे ढकलते ती अशी. कागदावरचा आकडा सायकल उभी असतानाचा असतो, तुम्ही पडता तेव्हाचा नाही.

उरलेल्या अठ्ठावीसमधून मी काय काय केलं यात माझी एक चूक आहे. आधी ट्यूबलेस केलं: टेप, व्हॉल्व, सीलंट आणि मागे जरा जाड बाजूचा टायर. आठ गेले, आणि हा सगळ्यात हुशार खर्च. ट्यूबच गेली म्हणजे ती चिमटून पडणारी दोन भोकंही गेली. हवा मागे २१ पर्यंत उतरवता आली. शॉक पंप दोन. गुडघ्यांची पॅडं तीन. मग मी चार घालून एक हलकं हँडलबार घेतलं, कारण ते सुंदर होतं. त्याच्याबद्दल आणखी काही सांगण्यासारखं नाही. ड्रॉपर पोस्ट, म्हणजे हँडलवरच्या खटक्यानं सीट खाली जाते ती, पुढच्या खेपेला असं म्हणून सोडली. ती घ्यायला पाच महिने लावले आणि ते पाच महिने वाया घालवले. सीट खाली गेली की उतारावर अंग मोकळं होतं, गुडघे आणि कोपर वाकतात, दणका कमरेपर्यंत यायच्या आधी पायात जिरतो. उंच सीटवर मी अर्धवट बसून अर्धवट उभी असायचे, आणि कंबर नेमकी त्या अर्धवटपणात दुखायची. माझी पाठ सायकलने बरी केली असं मी म्हणणार नाही. पण सीटला टेकून दगड झेलायचे नाहीत हे मला मागे शॉक नसल्यामुळे शिकावं लागलं. भावाला अजून ते नीट येत नाही. त्याला गरज पडत नाही.

चौदा महिने झाले. मुळांच्या पट्ट्यात अजूनही मला भावाच्या सायकलची आठवण येते, दर वेळी. टेकडीच्या पलीकडच्या अंगाला दगडी पायऱ्यांसारखा एक उतार आहे, तिथे मी उतरून चालत जाते. तो भाऊ गात गात उतरतो. माझ्या मैत्रिणीने मध्यंतरी हाच प्रश्न विचारला. ती दर शनिवार-रविवार तसल्याच उतारांवर पडीक असते, नवरा घरीच बेअरिंगं बदलतो, आणि तिचे शंभर माझ्या शंभरापेक्षा दीडपट आहेत. मी तिला डोळे मिटून फुल सस्पेन्शन घे म्हटलं. मागच्या रिमला माझ्या दोन पोचे पडलेत. दोन्ही त्याच पट्ट्यातले, दोन्ही वेळा मी हवा तपासायचा कंटाळा केला होता.

मागच्या महिन्यात भावाची सायकल दोन आठवडे मेकॅनिककडे टांगलेली होती. एका पिव्हटचं बेअरिंग फ्रेममध्ये अडकून बसलेलं, आणि त्या मापाचं दुसरं यायचं होतं. रविवार बुडू नये म्हणून माझी घेऊन गेला. जाताना नाक मुरडलं. फोर्कमध्ये स्वतःच्या वजनाची हवा भरली, टायरमध्येही भरली. संध्याकाळी परत आणली ती चिखलानं माखलेली, चेनमध्ये गवत.

"चढाला काय पळते गं," एवढंच म्हणाला, आणि घरात पाणी प्यायला गेला.

मी पंप घेऊन फोर्क माझ्या आकड्यावर आणायला बसले तर तो आधीच आलेला होता. मागच्या टायरला गेज लावला. एकवीस.